वऊ खुश शे

आईचा आनंद हेच गर्भाचं पहिलं अन्न होय. माता जे पाहते, जे ऐकते, जे मनात आणते, ते बालकाच्या ठायी उतरतं. तिच्या डोळ्यांतून पडलेला प्रत्येक अश्रू त्याच्या आयुष्यातून वजा होतो. हे थोर सत्य सुपडू पाटलांना नंदुरबारात सरकी काढायच्या जिनाच्या आवारात कळलं. कापसाच्या गाडीचा नंबर लागायला वेळ होता, आणि एक फिरते वैद्यराज खोक्यावर उभं राहून ते सांगत होते. खोक्यात केस वाढवायचं तेल होतं. पाटलांनी तेल घेतलं नाही, सत्य घेतलं. ते फुकट होतं.

पाटलांची सून सिंधुबाई तेव्हा तिसऱ्या महिन्यात होती. आदल्या वर्षीही तिला दिवस गेले होते आणि मूल राहिलं नव्हतं. का राहिलं नाही हे वर्षभर कुणाला उमगलं नव्हतं. आता पाटलांना उमगलं. माहेराहून, कोरीटहून, परत आली की सून दोन दिवस रडायची. हिशेब जुळला.

सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून पाटील मधघराच्या दाराशी उभे राहिले आणि आतल्या सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सगळं बायकोला, कौसाबाईंना, सांगितलं. सिंधुबाईनं डोक्यावरचा पदर सावरून ऐकून घेतलं. त्या घरात वैद्यावर पाटलांइतका विश्वास ठेवणारं दुसरं माणूस तीच निघाली. आपलं मूल आपण रडून घालवलं, असं कुणी सांगितलं तर आईला ते खरं वाटायला पुरावा लागत नाही.

त्या दिवसापासून घरात आनंद सुरू झाला.

सिंधुबाईला मधघरात ठेवलं. शेत बंद, विहीर बंद, गोठा बंद. गल्लीकडची खिडकी लावून घेतली, कारण गल्लीत काय ऐकू येईल याचा भरवसा नव्हता. भिंतीवर मोराचं एक चित्र आणि बाळकृष्णाची दोन चित्रं लावली. भेटायला येणाऱ्या बायकांना आधी ओसरीवर कौसाबाई तपासत. जिची म्हैस मेली असेल, जिची पोर सासरी त्रासात असेल, जी बोलता बोलता सुस्कारा टाकते अशी ख्याती असेल, ती ओसरीवरूनच परत. एवढ्या चाळणीतून गावातली एकच बाई आत पोचली. ती बहिरी होती.

कांद्याचा प्रश्न निघाला. कांद्यानं येणारं पाणी अश्रूंत धरायचं की नाही, हे विचारायला पाटील मुद्दाम नंदुरबारला गेले, पण वैद्यराज तोवर गाडीनं सुरतेकडे गेले होते. जोखीम नको म्हणून कांदा गोठ्यात चिरायचं ठरलं. त्या हिवाळ्यात पाटलांच्या बैलांचे डोळे सारखे पाणावलेले असत.

रोज सकाळी पाटील अंगणातून सुनेची चौकशी करीत, "वऊ खुश शे ना?"

कौसाबाई आत बघत. सिंधुबाई मान हलवी. कौसाबाई बाहेर सांगत, "शे."

मग पाटील चावडीवर जाऊन बसत आणि कापसाच्या भावाबरोबर हेही सांगत. वऊ खुश शे. गावाला ते इतकं पाठ झालं की पाटलांचे बैल कसे आहेत असं कुणी विचारलं तरी लोक म्हणत, खुश शेत.

सिंधुबाईचा नवरा दोधू नवापूरला लाकडाच्या डेपोत कारकून होता. महिन्यातून एकदा घरी यायचा, आला की बायकोला तब्येत विचारायचा आणि बापाला डेपोची हकिकत सांगायचा. त्याचा बायकोला ना त्रास होता, ना उपयोग.

खरी अडचण अशी होती की सिंधुबाईला भीती वाटायची. मागच्या वेळी ज्या महिन्यात झालं तो महिना जवळ आला तशी ती रात्रंदिवस कान पोटाकडे लावून असे. आणि भीती वाटते हे सांगायची सोय नव्हती. भीती म्हणजे आनंद नव्हे. सासूला सांगावं तर ती सासऱ्याला सांगणार, सासरा अजून एक चित्र आणणार. म्हणून भीती वाटली की ती हसायची. हसताना पाहून कौसाबाईंना बरं वाटे.

तो महिना पार पडला, आणि पाचव्यात मूल हललं. आधी तिला वाटलं पोटात वायू धरला असेल. मग पुन्हा हललं, त्याच जागी, कुणीतरी दाराला बोट लावून बघावं तसं. घरात कुणी नव्हतं. कौसाबाई ओसरीवर डाळ निवडत होत्या. सिंधुबाईनं पदर तोंडाशी धरला आणि हळूच म्हणाली, "तू मन्हा पोटमा कोंडायेल, मी घरमा कोंडायेल. तुले तरी नऊ महिनानी बोली शे."

मूल हललं. तिला हे उत्तर वाटलं.

त्यानंतर ती रोज त्याच्याशी बोलू लागली. त्याला सगळं खरं सांगायची. मोराचं चित्र आवडत नाही. डोळा वटारून बघतो. सासूबाईंचे पाय सुजतात पण त्या सांगत नाहीत. तुझ्या आधी एक होतं. खिडकीच्या फटीतून दुपारी उन्हाची एक रेघ येते, ती भिंतीवर चढत जाते, बाळकृष्णाच्या पायापर्यंत पोचली की चहा होतो. एवढं बोलून झालं की तिचा जीव हलका व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी हलवताना मान जरा कमी दुखायची. घरानं तिच्यासाठी इतकं केलं, पण तिला खरंच बरं वाटायचं ते या एका चोरट्या बोलण्यानं. ते कुणाला माहीत नसल्यामुळे बंद करायचं राहून गेलं होतं.

चैत्र लागला. मधघर तापू लागलं. आणि तिकडे कोरीटला सिंधुबाईच्या आईच्या, गजराबाईंच्या, डोक्यावर कावळा बसला.

आमच्या भागात हे मरणाचं लक्षण मानतात. पण आमची माणसं लक्षणापुढे हात टेकणारी नव्हेत. त्यावर तोड अशी की, ज्याच्या डोक्याला कावळा शिवला तो मेला अशी खोटी बातमी जवळच्या नातलगांकडे धाडायची. ते रडले की मरणाचं रडणं वसूल झालं. यमाचं काम आधीच झालेलं दिसतं, तो परत जातो. दुसऱ्या दिवशी दुसरा निरोप धाडून खरं काय ते सांगायचं आणि वर गूळ द्यायचा. यमाबद्दल इतका कमी आदर फार थोड्या समाजांत असेल. अट एकच: रडणं खरं हवं, म्हणून बातमी खरी वाटली पाहिजे. आणि सगळ्यांत भारी रडणं लेकीचं.

गजराबाईंच्या मुलानं कोरीटची राखण करणारा जागल्या दलसिंग याला बहिणीच्या सासरी धाडलं. दलसिंग या कामात मुरलेला होता. पाटलांच्या अंगणात पागोटं काढून तो खाली बसला, पाणी नको म्हणाला, जमिनीकडे बघत राहिला, आणि पाटलांनी तिसऱ्यांदा विचारल्यावर खालच्या आवाजात म्हणाला, "गजरामाय गयी, आबा."

त्याच्या अनुभवाप्रमाणे यानंतर आतून हंबरडा यायला हवा होता. आला नाही. पाटलांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला, दंडाला धरून त्याला वेशीपर्यंत नेलं आणि वाटेला लावलं.

मग कौसाबाईंना गोठ्यात नेऊन सांगितलं. गजराबाई त्यांच्या आवडत्या विहीणबाई. कौसाबाईंनी तिथेच बैलाच्या पाठीला कपाळ टेकवलं. पाटील म्हणाले, रडायचं ते इथे रड, कांदा समोर ठेव, कुणी विचारलं तर सांगता येईल. सुनेला काही कळता कामा नये. मूल झालं की बारशाला सांगू. तोवर घरातून कुणी कोरीटला जायचं नाही, कारण दहाव्याला जाऊन आलेल्या माणसाच्या तोंडावर ते दिसतंच.

कौसाबाई डोळे पुसून म्हणाल्या, कावळ्याची बातमी तर नसेल? पाटील म्हणाले, दलसिंगचं तोंड मी पाहिलंय. तरी कौसाबाईंनी दोन दिवस वाट पाहिली. कावळ्याची असली तर दुसरा निरोप येईल. आला नाही. तेव्हा त्यांची खात्री पटली.

निरोप आला होता. दुसऱ्याच दिवशी दलसिंग पंच्याच्या टोकाला गूळ बांधून वेशीत हजर झाला होता. पाटील तिथे पाराजवळ राखणीलाच बसले होते. त्यांना वाटलं हा दहाव्याचं सांगायला आला, नाहीतर लेकीला न्यायला. त्यांनी लांबूनच हात वर केला.

"आबा, आयकी तर ल्या," दलसिंग म्हणाला.

"माले समदं माहीत शे. एक शब्द बोलू नको. जाय."

दलसिंग उभा राहिला. पाटलांनी काठी उचलली. दलसिंग परत गेला आणि कोरीटला त्यानं इमानानं सांगितलं की त्यांना सगळं माहीत आहे, आणि आबा फार रागात आहेत. तिकडे समजले, खोट्या निरोपाचा राग आला. व्याह्याचा राग निवेपर्यंत त्या बाजूला कुणी जाऊ नये असं ठरलं. इकडे पाटलांनी घरी काहीच सांगितलं नाही, कारण दुःखाचा विषय पुन्हा काढायचा नव्हता.

गजराबाईंचा प्रश्न निराळाच. त्यांनी एवढंच विचारलं, "पन ती रडनी का?"

दलसिंगला माहीत नव्हतं. त्यानं रडणं ऐकलं नव्हतं. तेव्हा लेक रडल्याचं नक्की कळेपर्यंत यम मोकळाच आहे, असं धरून गजराबाई घरात बसल्या. विहीर बंद, शेत बंद. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेनात. अशा रीतीनं मायलेकी दोन गावांत दोन घरांत कोंडल्या गेल्या, एक रडू नये म्हणून आणि दुसरी ती रडली नाही म्हणून.

पाटलांच्या घरात आनंद दुप्पट झाला. रोज शिरा. दोधूला निरोप धाडून बोलावून घेतलं आणि बायकोला हसव अशी ताकीद दिली. दोधूला विनोद येत नव्हता. त्यानं डेपोतल्या एका साहेबाची टोपी वाऱ्यानं उडाल्याची हकिकत सांगितली आणि स्वतःच इतक्या मोठ्यानं हसला की सिंधुबाई दचकली. लग्नाला चार वर्षं झाली, हा माणूस असा कधी हसला नव्हता.

पण तिला कळलं ते दिव्यावरून. पाटलांचं शास्त्र जिनातलं होतं, कौसाबाईंचं त्यांच्या सासूकडून आलेलं. लग्न झालेल्या लेकीला आईबापाचं सुतक तीन दिवस. सुतकात देवाला हात लावायचा नाही. सुनेला सांगायचं नाही हे कौसाबाईंनी मान्य केलं होतं, देव बाटवायचा हे नव्हे. तेव्हा संध्याकाळी सिंधुबाई देवापुढे दिवा लावायला उठली की त्या हसून म्हणत, तू बस, मी लावते. पहिल्या दिवशी, दुसऱ्या, तिसऱ्या. चौथ्या दिवशी न्हाऊ घातलं आणि काडेपेटी तिच्या हातात दिली.

सिंधुबाई दिव्यासमोर उभी राहिली. बाईला दिवा कधी बंद होतो? महिन्याची अडचण तिला सध्या नव्हती. मग सुतकात. बापाला जाऊन सहा वर्षं झाली होती. तीन दिवसांचं सुतक यावं असं तिला आता जगात एकच माणूस होतं.

तिनं दिवा लावला. नमस्कार केला. मागे सासू बघत होती, म्हणून वळताना हसली.

रडायचं नाही हे सांगायला आता कुणाची गरज नव्हती. तिनं दोन्ही हात पोटावर दाबले. रडले तर हेही जाईल. आई गेलीच आहे, ती रडून येत नाही. हे अजून आहे.

दुपारी उन्हाची रेघ भिंतीवर चढली. रोजची बोलायची वेळ. तिनं तोंड उघडलं, आणि आयुष्यात प्रथमच तिला त्याच्याशी काय बोलावं सुचेना. शेवटी म्हणाली, "तुन्ही आजी बिबडा करी ऱ्हायनी. तुन्हाकरता."

बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. चैत्रात घरोघर खाटांवर वाळत पडलेले असतात. तिनं त्याला खाट सांगितली, खाटेवरचं धुतलेलं धोतर सांगितलं, राखण करणारी आजी सांगितली. सगळं तपशीलवार आणि खोटं. सासरा तिला फसवत होता, सासू फसवत होती, नवरा आपल्या परीनं फसवत होता, आणि आता ती मुलाला फसवू लागली. मुलाला फसवायला पुढे कुणी नव्हतं, एवढंच.

आठ-दहा दिवस असे गेले. सकाळी अंगणातून प्रश्न यायचा, ती मान हलवायची. रात्री झोप नाही, दिवसा भूक नाही. शिरा तोंडात फिरायचा. मधघरात हवा म्हणून नव्हती आणि जी होती तिला तुपाचा वास. मग एके दिवशी मूल हललं नाही.

तिनं उन्हाच्या रेघेची वाट पाहिली. रेघ बाळकृष्णाच्या पायापर्यंत गेली. चहा आला. चहा गार झाला. तिनं कुशी बदलली, पाणी प्यायली, पोटावर थाप मारली. काही नाही. ओसरीवर कौसाबाई बहिऱ्या बाईला ओरडून सांगत होत्या की वऊ खुश आहे.

सिंधुबाईला वाटलं, याला कळलं. मी खोटं बोलते हे याला कळलं, आणि हा बोलेनासा झाला.

ती भिंतीकडे तोंड करून बसली. डोळे कोरडे ठेवून, एकेक शब्द तोलून म्हणाली, "तुन्ही आजी गयी. माले कोन्ही सांगं नही. मी तुले सांगस."

थोडा वेळ काही झालं नाही. मग बरगडीखाली असा जोराचा पाय लागला की तिच्या तोंडून आवाज निघाला. कौसाबाई धावत आल्या. काय झालं? सिंधुबाई म्हणाली, काही नाही, हसू आलं.

वैशाख उजाडला. सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण कोरीटहून कुणी यायचं चिन्ह दिसेना आणि इकडे कुणी विषय काढीना. उन्हाचा प्रवास नको, असं कौसाबाई एकदा भिंतीला उद्देशून म्हणाल्या.

आणि एका सकाळी पाटील अंगणात दात घासत असताना दाराशी गाडी थांबली आणि तीतून गजराबाई उतरल्या.

घरात बसून त्या कंटाळल्या होत्या. लेक रडली असेल तर भीती नाही, रडली नसेल तर तिच्यासमोर जाऊनच सोक्षमोक्ष लावू, असा विचार करून त्या निघाल्या होत्या. पाटलांनी तोंडातली काडी काढली. महिन्यापूर्वी मेलेली विहीण डोक्यावर पदर घेऊन, हातात टोपली धरून अंगणात उभी होती. दुसरा कुणी ओरडला असता. पाटलांच्या मनात पहिला विचार आला तो असा की, गरोदर बाईनं भूत पाहणं वैद्यराजांना चालणार नाही. ते जाऊन दारात आडवे उभे राहिले.

व्याह्याशी थेट बोलायचं नाही, म्हणून गजराबाईंनी त्यांच्या खांद्यावरून घरात हाक मारली. "याहीनबाई, मन्ही पोर रडनी का नही, तेवढं सांगा."

कौसाबाई आतून आल्या, त्यांनी पाहिलं आणि हातातलं सूप सोडलं. पाटील दोघींच्या मध्ये उभे राहून समोरच्या भिंतीला म्हणाले, "आमना घरमा कोन्ही रडत नही."

गजराबाई मट्‌कन खाली बसल्या. महिनाभर घरात बसल्या त्या फुकट बसल्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "माय मरी गयी अशी बातमी उनी आनि पोर रडनी नही. आसं कोठे ऱ्हास का?" आणि त्यांनी स्वतःच गळा काढला. आपल्या मरणावर लेक रडली नाही, तर कुणीतरी रडायला हवं होतं.

आत मधघरात सिंधुबाईनं मेलेल्या आईचं रडणं ऐकलं. हा आवाज आपल्याला आतूनच येतो आहे, असं तिला आधी वाटलं. मग ती उठली. मधघराचा उंबरा ओलांडला, ओसरी ओलांडली, सासऱ्याच्या पाठीशी आली आणि म्हणाली, बाजूला व्हा. चार वर्षांत सासऱ्याशी ती प्रथमच बोलली. पाटील बाजूला झाले.

"माय, तू जित्ती शे?"

गजराबाईंनी नाक पुसलं. "तू रडनी नही, मंग कशी जित्ती शे माले बी माहीत नही."

तेव्हा सिंधुबाई रडली. पायरीवर बसून, आईच्या मांडीवर डोकं ठेवून, पोट एका हातानं धरून. मागच्या वर्षीच्या मुलासाठी रडायचं राहिलं होतं ते आधी रडली, मग दिव्याचं, मग शिऱ्याचं, मोराचं. पाटील म्हणाले, थांबवा, पोराचं आयुष्य चाललंय. गजराबाई म्हणाल्या, "रड माय, रड." एकाच्या शास्त्रानं थेंबाथेंबानं आयुष्य कमी होत होतं आणि दुसरीच्या शास्त्रानं वाढत होतं. पाटील पुन्हा काही बोलणार तेवढ्यात कौसाबाई, पदरानं डोळे पुसत, म्हणाल्या, "आते तुम्ही गप ऱ्हा." आणि त्याही पायरीवर बसल्या. कांदा जवळ नव्हता.

मूल हलत होतं. सिंधुबाईनं आईचा हात धरून तिथे ठेवला.

त्याच गाडीनं ती कोरीटला गेली. चावडीवर पाटलांना कुणी विचारलं, वऊ खुश शे का? पाटील म्हणाले, माहीत नाही. आषाढात मुलगी झाली, चांगली आठ पौंडांची असावी असं सुईण म्हणाली, पण तिच्याकडे वजनकाटा नव्हता. मुलगी अखंड रडायची.

बाळंतपणात एकदा खाटेवर पडल्या पडल्या सिंधुबाईनं आईला विचारलं, कावळा बसला तेव्हा कसं वाटलं? लागलं का?

गजराबाई म्हणाल्या, लागणार कसं? डोक्यावर बिबड्यांची टोपली होती. तो टोपलीवर बसला होता. एक बिबडा घेऊन गेला.